स्टिअरिंगवरचं एक बोट

१

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. पंजा नाही, हात तर नाहीच. बोट वर, बोट खाली, झाला नमस्कार. अॅडलेडचा पाहुणा त्यावरूनच ओळखू येतो. तो एक तर ढिम्म बसतो, नाहीतर माश्या वारल्यासारखा अख्खा हात हलवतो. आणि बोट उचलायचं ते चालवणाऱ्यानं. शेजारच्या सीटवरच्यानं गप्प बसायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या बेल्स वेल गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं.

दुसरा नियम बॉनेटचा. रस्त्याकडेला उभ्या गाडीचं बॉनेट वर असेल तर माणूस अडचणीत आहे, थांबायचं. बॉनेट खाली असेल तर तो चहा पितोय, बोट उचलून पुढे जायचं. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत आम्ही या दोन नियमांवर जगतो, आणि आजवर जगलो.

माझं नाव मर्ल ट्रेझाइस. वय अठ्ठावन्न. कॅरवेच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला आहे. घरापासून अडतीस किलोमीटर, मध्ये एकच वळण आणि एकच झाड. आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्या उशाशी पितळी घंटी असायची. ती दहा महिन्यांपूर्वी गेली, आणि त्यानंतर मला कळलं की त्या घंटीवर मी कितीही चिडले तरी या जगात मला हाक मारणारं तेवढंच एक होतं. 

माझा भाऊ क्लाइव्ह अॅडलेडला असतो. त्याचं एकच पालुपद. "मर्ल, घर विकून टाक आणि आमच्याकडे ये. मागच्या अंगणात खोली आहे. उद्या पडलीस तर तिकडे कावळासुद्धा विचारणार नाही." तो वाईट नाही. पण ते घर माझं आहे, आणि त्याच्या मागच्या अंगणात मला कुत्र्यासारखं राहायचं नाही.

म्हणून मी गाडी घेतली.

२

एका बंद पडलेल्या शेताचा लिलाव होता. शेडमध्ये ती उभी होती. जुनी, चौकोनी, चारही चाकं ओढणारी. ब्रशनं फासलेला जाड पांढरा रंग, आणि मागच्या सीटवर तीन कोंबड्या. कुणी बोली लावेना. मी हात वर केला तेव्हा लिलाववाल्यानं विचारलं, "कोंबड्या हव्यात की गाडी, बाई?"

ऑल्विन पेंगलीनं ती आपल्या वर्कशॉपपर्यंत ओढून आणली. ऑल्विन म्हणजे गावचा मेकॅनिक, सत्तरीचा, बोलायला फटकळ, हाताला गुण.

"ही रोज चालवणार? आणि कॅम्पिंगलाही नेणार?"

"का, जमणार नाही?"

"गाडीचं जमेल. तुझं सांगता येत नाही."

तीन महिने दर शनिवारी आम्ही तिला भिडलो. मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, रेडिएटर धुतला, होसपाइप नवे टाकले. मागची सीट काढून मी फळ्यांचा पलंग ठोकला, खाली चुलीचा आणि भांड्यांचा खण केला. दुसरी बॅटरी बसवली, वायरलेस बसवला. दोन गोष्टी तेवढ्या राहून गेल्या. बॉनेट तोलून धरणारी दांडी हरवलेली होती. ऑल्विन दर वेळी ओरडायचा आणि मी दर वेळी केरसुणीचा दांडा लावून वेळ मारून न्यायची. आणि डाव्या दाराची काच खाली होत नव्हती, तिचं हँडलच जागेवर नव्हतं. डावीकडे बसणारं कोण होतं? मी ते मनावर घेतलं नाही.

खरं तर मला डावी सीटच काढायची होती. तिथे साठ लिटरची पाण्याची टाकी बसली असती. एकटीला दोन सीटा कशाला? पण सीटचे चारही बोल्ट गंजून फ्रेमशी एक झाले होते. ऑल्विननं तेल सोडलं, हातोडा घातला, शेवटी घाम पुसत म्हणाला, "राहू दे गं. नाही जायचंय तिला." मीही म्हटलं, राहू दे. टाकी वीस लिटरची घेतली.

३

महिनाभर मी ती कामावर नेत होते. छान चालायची. मग एका मंगळवारी डल्सी हॉकिंगच्या दुकानात टपाल आणायला गेले. डल्सीचं दुकान म्हणजे पोस्टही तेच, पेट्रोल पंपही तेच आणि गावचा चव्हाटाही तेच.

"मर्ल, तुझी ती पाहुणी कुठली गं? शहरातली ना?"

"कोण पाहुणी?"

"आता लपवू नकोस. सकाळी वळणावर दिसलात. तू बोट केलंस, मी बोट केलं. आणि ती बया शेजारी बसून अख्खा हात हलवतेय, खुळ्यासारखी! सांग तिला, म्हणावं आमच्यात शेजारचं माणूस हात हलवत नाही."

मी हसले. सीटवर माझा कामाचा एप्रन टांगलेला असतो, तो वाऱ्यानं हलला असेल असं म्हणाले. डल्सीनं चष्म्यावरून पाहिलं. "एप्रनला बोटं असतात होय?"

घरी येताना माझ्या लक्षात आलं, डावी काच तर बंदच असते. तिथे वारा यायचा कुठून?

मग मी पाहायला लागले. समोरून येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघून बोट उचलायचा आणि मग त्याची नजर डावीकडे सरकायची. काही जण हसायचे. पाव वाटणाऱ्यानं तर एकदा चक्क हात हलवून उत्तर दिलं, गंमत म्हणून. मी शेजारी बघायची. सीट रिकामी असायची, रेक्झिन मध्ये जरा खोलगट झालेलं. जुन्या सीटा तशाच असतात.

४

आवाज नंतर सुरू झाला. चालत्या गाडीत, डाव्या दाराकडून, मऊसा. थप. थप थप. मी ऑल्विनला दाखवलं. त्यानं दाराचं अस्तर काढलं, दोन क्लिपा नव्या बसवल्या, आत फोम भरला. "संपलं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी झाडापाशी आवाज पुन्हा आला, आणि झाड मागे पडल्यावर थांबला.

काचेचंही तसंच. आमच्याकडे लाल धूळ सगळीकडे शिरते, तोंडातसुद्धा. डाव्या काचेवर आतून ती बसायची, आणि त्या धुळीत पुसल्यासारखे कमानी पट्टे उमटायचे. एकावर एक, पाच-सहा. मी शनिवारी ओल्या फडक्यानं काच लख्ख करायची, आणि बुधवारपर्यंत पट्टे परत. मी स्वतःला समजावलं की काच वाकडी असेल, धूळ सरकत असेल. तीस वर्षं मी चादरींवरचे डाग बघत आलेय. कुठला डाग हातानं पुसलेला असतो ते मला न शिकवता कळतं, आणि तरी मी स्वतःला हे सांगत होते.

डिसेंबरात डाव्या दाराखालचा गंज घासायला घेतला. जाड पांढरा रंग पोपडे होऊन सुटला. खाली दुसरा रंग निघाला. मोहरीच्या फुलासारखा पिवळा.

मी वर्कशॉपच्या फरशीवर तशीच बसून राहिले. ऑल्विननं येऊन बघितलं. त्यानं रेडिओ बंद केला.

"घेताना विचारायचं असतं," तो हळू म्हणाला. "आता काय."

"तुला ओळखू आली होती?"

"रंगाखाली कोण बघतं, मर्ल?"

५

बारा वर्षांपूर्वीचा जानेवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. आईला झटका आला तो दिवस. अँब्युलन्स तिला घेऊन पुढे गेली होती, मी मागून माझ्या छोट्या गाडीनं निघाले होते. दुपारचे तीन. झाडापाशी पिवळी गाडी उभी, बॉनेट खाली. चालवायच्या बाजूला ऊन येत होतं म्हणून असेल, बाई डाव्या सीटवर सरकून बसली होती. बंद काचेआडून हात हलवत होती. अख्खा हात.

शहरातली दिसते, मी मनात म्हटलं. आणि बोट उचललं.

इंजिनात काहीतरी बिघडलं होतं, ती वाटसरू होती, एकटीच होती, आणि बॉनेट वर करायचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. हे सगळं ती उन्हानं मेलेली सापडल्यावर गावात बोललं गेलं. त्या दुपारी तिच्यासमोरून चार गाड्या गेल्या होत्या. चौघांनीही पोलिसाला तेच सांगितलं, की तिनं हात केला, आम्ही बोट केलं. मी पाचवी. मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. आई हॉस्पिटलात होती, पेपर वाचायला सवड नव्हती. खरं म्हणजे सवड होती. मी वाचला नाही.

पिवळा रंग निघाला त्याच दिवशी गाडी विकायला हवी होती. पण त्या आठवड्यात क्लाइव्हचा फोन आला. रविवारी घराचे कागद घेऊन येतोय म्हणाला.

"मी गुरुवारी मिठाच्या तलावावर जातेय," मी म्हणाले. "एकटी. तीन दिवस. रविवारी मला धडधाकट बघ आणि मग हा विषय कायमचा बंद कर."

"आणि काही झालं तर?"

"तर तुझ्या मागच्या अंगणात येते."

दुसरी गाडी माझ्याकडे नव्हती. जुनी छोटी गाडी कधीच मोडीत गेली होती. आणि एकदा बोललेलं मागे घेणं माझ्या तोंडाला जमत नाही.

६

उत्तरेकडच्या रस्त्यानं जाणाऱ्यानं डल्सीच्या वहीत लिहून जायचं असतं. नाव, गाडी, परत कधी, माणसं किती. एकटा माणूस असेल तर डल्सी रोज संध्याकाळी वायरलेसवर हाक मारते. मी पेट्रोल भरून आत गेले तेव्हा ती खिडकीतून गाडीकडे बघत होती.

"मी लिहिते. तू पाव घे," ती म्हणाली. "दोघी आहात ना. मग मला रोज घसा फोडायला नको. बरं झालं बाई, तुला सोबत मिळाली."

मी वहीत बघितलं. तिनं दोन लिहिलं होतं.

मी ते दुरुस्त केलं नाही. का, ते सांगते. आई गेल्यापासून मला कुणी 'दोघी' म्हटलं नव्हतं. तो शब्द ऐकला आणि मी पाव घेऊन बाहेर पडले.

तलावावरचे तीन दिवस चांगले गेले, आणि हे सांगायला मला लाज वाटते. सकाळी पांढऱ्या मिठावर ऊन यायचं. मी राखेत जाड भाकर भाजायची, डब्यात चहा उकळायची. शुक्रवारी कप दोन काढले. चूक म्हणून एक परत ठेवला. शनिवारी दोन काढले आणि परत ठेवला नाही. गाडीची डावी बाजू मी सावलीत ठेवत होते.

शनिवारी जेवून निघाले, दक्षिणेला, घराकडे. अर्ध्या वाटेवर रेडिएटरचा होसपाइप फाटला. मीच बसवलेला. वाफेचा लोट आला, मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून केरसुणीचा दांडा लावला. वाळवंटी वारा सुटला होता. दांडा दोनदा उडाला, तिसऱ्यांदा मोडला आणि बॉनेट धाडकन खाली आलं. वायरलेसवर नुसती खरखर. डल्सी हाक मारणार नव्हती, कारण आम्ही दोघी होतो.

पाणी होतं, फार नव्हतं. ऊन पश्चिमेचं, माझ्या सीटवर तापलेल्या तव्यासारखं. तासाभरानं माझं डोकं फिरायला लागलं. मी सावलीसाठी डावीकडे सरकले. सीटचा खोलगट भाग मला बरोबर बसला.

मग धूळ दिसली. समोरून गाडी येत होती. ऑल्विनची. तो वरच्या शेतावर पाण्याचा पंप दुरुस्त करायला निघाला असावा. मी खुळ्यासारखी हात हलवायला लागले. काच खाली होईना. मी तळवा काचेवर आपटला. थप. थप थप.

ऑल्विन हसला. त्यानं बोट उचललं आणि पुढे गेला.

त्याची धूळ काचेवर आली आणि विरली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बाहेरच्या आरशात त्याची गाडी लहान होताना बघत राहिले. तेव्हा आरशाच्या कडेला, माझ्याच खिडकीत, एक हात हलताना दिसला. बारीक मनगट, तळवा काचेला टेकलेला. हलवण्यात घाई नव्हती. बराच वेळ हलवून हलवून थकलेला हात असतो तसा तो होता.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते मोजले. मग उजव्या दारानं पडत-धडपडत बाहेर पडले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

७

ऑल्विन सूर्य कलताना परत आला. मी मधोमध हात पसरून उभी होते, म्हणून थांबला. नाहीतर त्यानं पुन्हा बोटच उचललं असतं.

"अगं, दुपारीच सांगायचं नाही का! मी म्हटलं, मजेत बसल्यात."

"मी हात केला होता."

"तुम्ही दोघींनी केलात. म्हणून तर." त्यानं दोर बांधता बांधता माझ्याकडे बघितलं. "एका सीटवर दोघी कशा काय मावलात, हे मात्र मला कळलं नाही."

मग त्यालाच काहीतरी आठवलं असावं. त्याचा हात दोरावर थांबला. त्यानं डाव्या खिडकीकडे पाहायचं टाळलं आणि जाऊन आपल्या गाडीत बसला. मी मागच्या गाडीत बसून स्टिअरिंग धरलं होतं.

रविवारी क्लाइव्ह आला. कागदांची पिशवी हातात होती. टेबलाशी बसला, चहा घेतला, आणि पिशवी न उघडताच म्हणाला, "मर्ल, तू आधी का नाही बोललीस?"

"काय?"

"तुझ्याबरोबर कुणीतरी आहे ते. डल्सीच्या पंपावर थांबलो होतो. तिनं वही दाखवली. अगं, मला काळजी होती ती तू एकटी असण्याची. सोबत आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मी पुन्हा विषय काढणार नाही." त्याचे डोळे भरून आले होते. माझा भाऊ मनानं मऊ आहे. "नाव काय तिचं?"

मी बशीत चहा ओतला. बारा वर्षांत मी ते नाव विचारलं नव्हतं.

"ती जरा अबोल आहे," मी म्हणाले.

होसपाइप नवा टाकला. बॉनेटची दांडी ऑल्विननं न सांगता आणून दिली, दारात ठेवून गेला, आत आला नाही. गाडी आता झकास चालते. घर माझं आहे. डल्सी टपाल देताना म्हणते, "कशा आहात दोघी?" आणि मी म्हणते, बऱ्या आहोत.

कामावर जाताना झाड येतं, तेव्हा थाप वाढते. आधी मऊ असायची, आता जोरात असते. काचेवर धुळीतले पट्टे रोज नवे असतात. तिला काय हवंय ते मला माहीत आहे. फार मोठं काही नाही. त्या झाडापाशी कुणीतरी थांबावं आणि डावं दार उघडून म्हणावं, उतर बाई, मी थांबलेय. एवढं केलं की ती जाईल, असं मला अगदी आतून वाटतं.

आणि मग मी घरी एकटी येईन. कप एकच काढीन.

आज सकाळीही झाड आलं. मी वेग कमी केला. शेजारी थाप पडत होती. मी समोर बघितलं, स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, आणि पुढे गेले.